पेटीत बसेल तेवढंच

(जालना, मार्च २००७. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं छोटं दुकान. काउंटरवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक बोचकं.)

उषा : आई, तू मला पंखा घ्यायचाय म्हणालीस.

गिरिजाबाई : मंग? पंखाच तर दाखवून राह्यला तो. वसंता, दाखव रे हिला.

वसंता : हा बघा ताई. एकदम आवाज न्हाई.

उषा : हा तळहाताएवढा आहे. झुंबरआत्या माजघरात घामानं निथळते म्हणालीस, म्हणून मी शाळेतून अर्धी रजा टाकून कुंभार पिंपळगावहून आले.

गिरिजाबाई : घाम येतोच तिला. खोटं न्हाई बोलले मी. पण पंखा तिच्यासाठी हाये असं कुठं म्हणले?

उषा : मग कुणासाठी आहे?

गिरिजाबाई : कॉम्प्युटरसाठी.

उषा : कुणाच्या कॉम्प्युटरसाठी?

गिरिजाबाई : माझ्या.

वसंता : ताई, तुम्ही बसून घ्या. स्टूल घ्या ते. पाणी देऊ?

उषा : पाणी नको. आई, तुला कॉम्प्युटर कशाला?

गिरिजाबाई : बस चालवायला.

उषा : काय चालवायला?

वसंता : गेम असते ताई. बसचीच. रस्ते, स्टॉप, चौक, प्याशिंजर, सगळं. मावशींचा हात चांगला हाये.

उषा : हात चांगला आहे हे तुम्हाला कसं माहीत?

वसंता : मावशी, तुम्ही ताईंना काहीच सांगितलं न्हाई?

गिरिजाबाई : सांगणार होते. पण हिचे अण्णा म्हणले, पोरगी मास्तरीण हाये, खेळावर बी परीक्षा घेईल, राहू दे.

वसंता : त्याचं असं झालं ताई. डायवरकाका रिटायर झाले तवा इथं माझा सायबर कॅफे होता. दुपारी चार ते पाच, कोपऱ्यातला टेबल. दोघं यायचे. वर्षभर एक दिवस खाडा न्हाई.

उषा : चार ते पाच तुम्ही दोघं दत्ताच्या देवळात पोथीला जायचात.

गिरिजाबाई : जायचो की. पाया पडून इकडं यायचो.

उषा : मी फोन केला की अण्णा म्हणायचे, आजचा अध्याय फार रंगला.

गिरिजाबाई : रंगलेलाच असायचा.

उषा : बत्तीस वर्षं एसटी चालवून अण्णा पुन्हा बसच चालवायला यायचे?

वसंता : काका कुठं चालवायचे? मावशी चालवायच्या. काका बाजूला बसून कंडक्टरकी करायचे. टेबलावर रुपयानं ठोकायचे. एक टक म्हंजे थांब, दोन टक म्हंजे चल. बाकीचं गिऱ्हाईक पार पिसाळायचं. एका पोरीला नोकरीचा अर्ज भरायचा होता. ती म्हणली, काका, तुमच्या घंटीनं माझं जन्मगाव चुकलं.

गिरिजाबाई : आन् ओरडायचे किती! आरशात बघ, आरशात बघ. आरसा होता का तिथं? टीव्हीसारखं सपाट ते.

उषा : बरं. मग इथं येऊन खेळायचं. विकत कशाला घ्यायचं?

वसंता : कॅफे दिवाळीत बंद केला ताई. आता नुसतं असेंबलिंग.

गिरिजाबाई : आन् चालू असता तरी येऊ दिलं असतं का मला? तुझे अण्णा जाऊन पाच म्हैने झाले, तवापासून तुझी आत्या उंबरठ्यापाशी पाट टाकून बसली. भावाचं वर्ष फिटल्याबिगर वैनी दाराबाहेर न्हाई. आज डोळ्याचा डॉक्टर सांगून आले. ती म्हणली, मी येते संगट. तिला म्हणलं, तिथं डोळ्यात सुई घालतात. मंग राह्यली.

उषा : आत्याचं सोड. वर्षाच्या आत नवी वस्तू घरात आणायची नाही, हे तर तूही धरून बसली आहेस. मला शाळेनं दिलेलं भिंतीवरचं घड्याळ तू दारातून परत पाठवलंस.

गिरिजाबाई : घड्याळ आख्खं होतं. हे सुटे भाग हायेत. सुट्या भागाला दोष न्हाई.

उषा : हे कुणी सांगितलं?

गिरिजाबाई : सांगायला कशाला पायजे? नवी गाडी डेपोत आली की हार घालतात, नारळ फोडतात. जुन्या गाडीचा स्प्रिंगचा पाटा बदलला म्हणून कुणी नारळ फोडलाय का आजपस्तोर?

वसंता : पण मावशी, सुटे भाग मी जोडणार. जोडले की कॉम्प्युटर होतो.

गिरिजाबाई : नव्या डब्यात जोडले तर नवा होतो. घरच्या डब्यात जोडले की दुरुस्ती. सोड ते लुगडं.

उषा : आई, ही अण्णांची पेटी आहे. तू म्हणालीस तिची कडी नीट करायची.

गिरिजाबाई : ती बी करू.

वसंता : बापरे. हीच का ती? काका ड्युटीवर न्यायचे ती? 'क. रा. वाघ, चालक, बिल्ला नं. ४१७२, जालना आगार.' रंग अजून जसाच्या तसा हाये.

गिरिजाबाई : हिच्यात बसल तेवढंच घ्यायचं. मोठं काही दाखवूच नको. झुंबरबाईनं इचारलं तर पेटी तिच्या भावाची. तिनं बत्तीस वर्षं बघितलेली.

वसंता : टेप लावू द्या. अठरा इंच, बारा इंच, उंची सात. मावशी, बसल. बारका मदरबोर्ड येतो, साडेनऊ इंची. आन् कॅबिनेटचे हजार-बाराशे वाचले तुमचे.

गिरिजाबाई : ऐकलं का उषे? चौदा हजार हायेत माझ्यापाशी. शेवया-पापडाचे. त्याच्यात बसवायचं. आता इंजिन दाखव.

वसंता : इंजिन म्हंजे प्रोसेसर. हा एक दोन हजाराचा हाये. आन् हा साडेतीनचा, याच्यात दोन कोर, म्हंजे एकात दोन.

उषा : दोन हजारवाला द्या. एक बस चालवायला दोन इंजिनं कशाला लागतात?

गिरिजाबाई : तू मधी बोलू नको. एकात दोनवालाच दे. आन् त्याच्यासंगट येतो तो पंखा नको, मघाचा दे. इंजिन मोठं आन् रेडिएटर बारका, तर गाडी घाटात उकळती.

उषा : हे तुला कुठून कळलं?

गिरिजाबाई : तुझे अण्णा जेवतानी दुसरं काय बोलायचे? तू ताटापाशी पुस्तक घेऊन बसायची. मी वाढत असायचे. कुणाला तरी ऐकावंच लागायचं.

वसंता : आता रॅम. एक जीबी घ्या मावशी. रॅम म्हंजे कसं असतं की—

गिरिजाबाई : सीटा. एका टायमाला किती प्याशिंजर बसतंय ते.

वसंता : बराबर. बिलकुल बराबर. मी गिऱ्हाइकाला हेच समजवायला अर्धा तास घालतो.

गिरिजाबाई : आन् सीटा कमी असल्या की लोकं उभ्यानं जातात आन् गाडी रखडती. घे एक. पुढं चल.

वसंता : पुढं खर्चाचं काम. ग्राफिक कार्ड. याला तीन हजार जातात.

उषा : हे नको. हे काढून टाका. नुसत्या खेळासाठी तीन हजार?

वसंता : काढता येतं ताई. पण मंग रस्ता तुटक दिसतो. बस उडी मारल्यावानी चालती. आन् टीव्हीला जोडायची पिन याच्यावरच हाये. मॉनिटर घ्यायचा न्हाई ना मावशींना.

गिरिजाबाई : टीव्ही घरात हाये. जुना. दोष न्हाई.

उषा : टीव्हीवर अक्षरं तरी दिसतील का?

वसंता : खरं सांगू? पुसट दिसतील.

गिरिजाबाई : दिसू दे पुसट. मला वाचायचं न्हाई, चालवायचंय.

उषा : आणि आत्या? ती टीव्हीसमोरच बसलेली असते.

गिरिजाबाई : ती म्हणल, टीव्हीवर बस लागली. बघत बसल. तिला काय, शेतीचा कार्यक्रम लागला तरी ती रडत बघती.

वसंता : स्टेअरिंग घेता का मावशी? खेळण्यातलं येतं, दोन हजारात.

गिरिजाबाई : नको. बाणाच्या बटनावर हात बसलाय माझा. हे काय काढलंस?

वसंता : हा एसएमपीएस. सगळ्यांना करंट हाच देतो. साडेतीनशे रुपये. बघा, पाचशे वॉट लिहिलंय.

गिरिजाबाई : आन् वरच्या फळीवर हाये तो?

वसंता : तो नऊशेचा. त्याच्यावर साडेचारशेच वॉट लिहिलंय.

उषा : मग पाचशेचाच घ्या की. स्वस्तही आहे आणि जास्तही आहे.

गिरिजाबाई : दोन्ही माझ्या हातात दे. एक ह्या हातात, एक ह्या हातात. हं. वसंता.

वसंता : जी.

गिरिजाबाई : हा पोकळ हाये.

वसंता : मावशी, कंपनीनं छापलंय त्याच्यावर—

गिरिजाबाई : तांब्याची घागर आन् पत्र्याची घागर मी डोळे झाकून सांगीन. आत तांबं हाये का याच्यात?

वसंता : कमी हाये.

गिरिजाबाई : मंग पाचशे कशाला लिवलं?

वसंता : छापूनच येतं मावशी.

गिरिजाबाई : गाडीवर बी 'जलद' छापलेलं असतं. वरचा काढ. बाकी कशात बी कमी-जास्त चालल. दिवे नसले तरी डायवर गाडी आणतो घरी. पण डिझेलच न्हाई पोचलं तर काय करंल? आन् लेका, मला हा पोकळ पयले का दाखवला?

वसंता : सगळेच पयले स्वस्तातलं मागतात, म्हणून. सॉरी मावशी.

गिरिजाबाई : सॉरी राहू दे. भाव कमी कर.

वसंता : बघा आता. बोर्ड, प्रोसेसर, पंखा, रॅम, हार्डडिस्क, कार्ड, हा वजनदार, कीबोर्ड आन् सीडीचा ड्राइव्ह. पंधरा हजार चाललं.

उषा : हजारानं जास्त झालं. आता कार्ड काढायलाच पाहिजे.

गिरिजाबाई : कार्डाला हात लावायचा न्हाई. सीडीचं ते काय हाये?

वसंता : चकती टाकायला असतं.

गिरिजाबाई : किती चकत्या हायेत माझ्यापाशी?

वसंता : एक बी न्हाई.

गिरिजाबाई : मंग काढ ते. पेटीत जागा बी न्हाई तिला. गेम तू तुझ्या मशीनवरून टाकून दे.

वसंता : टाकून देतो. चौदा हजार शंभर. शंभर मी सोडले, त्या पोकळाचे. पण मावशी, लोडशेडिंगचं काय? यूपीएस याच्यात बसत न्हाई.

गिरिजाबाई : लाइट गेली की मुक्काम. टाइमटेबल बघून गाडी सोडीन मी.

वसंता : झालं मंग. आता नुसती भोकं.

उषा : कसली भोकं?

वसंता : पेटीला. पुढून पंधरा-वीस बारकी, हवा आत यायला. मागून पंख्याएवढं एक, गरम हवा बाहेर जायला. आन् तळाला सहा. बोर्डाखाली पितळी पाय लावावे लागतात. पत्र्याला टेकला तर शॉर्ट होतो.

उषा : नाही.

वसंता : ताई, हवा न्हाई मिळाली तर दोन दिवसांत—

उषा : पेटीला भोकं पाडायची नाहीत. कॅबिनेट द्या. चांगल्यातलं द्या. पैसे मी देते. पेटी मी परत घेऊन जाते.

गिरिजाबाई : नवा डबा घरात येणार न्हाई, उषे.

उषा : मग थांब सात महिने. वर्ष झालं की घे.

गिरिजाबाई : सात म्हैने काय करू?

उषा : आई, सगळेच थांबतात.

गिरिजाबाई : तू सोमवारी शाळेत जाती. पोरं असतात, फळा असतो. मी सकाळी उठते, झुंबरबाई उंबरठ्यात. लोकं येतात, कसं झालं इचारतात. मी सांगते. ते रडतात, मी चहा ठेवते. दुसरे येतात, परत कसं झालं. दिवसातून चारदा मारते मी त्यांना. मला तासभर कुठं तरी जायचंय. घरातून उठल्याबिगर जाता येतं, असं येवढं एकच ठिकाण मला माहिताय.

उषा : मला हे बोलली नाहीस कधी.

गिरिजाबाई : तू इचारलं न्हाई. तू आली की त्यांच्या फोटोकडं बघत बसती.

वसंता : मी चहा सांगून येऊ का?

गिरिजाबाई : बस रे. तू कुठं परका हायेस.

उषा : पेटी मला पाहिजे होती.

गिरिजाबाई : घे की. पण करणार काय तिचं?

उषा : काही नाही. ठेवणार.

गिरिजाबाई : काय ठेवणार तिच्यात?

उषा : तिच्यात काही नाही. तीच ठेवणार. आहे तशी.

गिरिजाबाई : हे गेल्यावर उघडलीस का एकदा तरी?

उषा : नाही.

गिरिजाबाई : मी रोज उघडायचे. डिझेल, तंबाखू, जवसाची चटणी. पयले दोन म्हैने कडी काढली की यायचा वास. मंग कमी होत गेला. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी यील. आता नुसता पत्र्याचा येतो. मीच उघडून उघडून घालवला म्हण.

उषा : अजिबात नाही येत?

गिरिजाबाई : तू बघ. तुझं नाक जवान हाये. उघड. मापासाठी उघडावीच लागल.

उषा : नाही येत.

गिरिजाबाई : मंग? म्हणलं न्हाई मी?

उषा : पंचा आहे. चष्म्याचं घर. खाली एक वही आहे.

गिरिजाबाई : असंल ड्युटीची. मला त्यांचं बारीक अक्षर लागत न्हाई. मला गाडीवरच्या पाट्या वाचता येतात तेवढ्या.

उषा : ड्युटीची नाही. साल दोन हजार पाचचं आहे. रेघा मारून तक्ता केलाय. दिनांक, चालक, वाहक, अपघात, शेरा.

वसंता : ही काय! ही वही घेऊन यायचे काका. मला वाटायचं पोथीची हाये.

गिरिजाबाई : वाच बरं. मला म्हणायचे, हिशेब लिवतोय.

उषा : 'चालक : सौ. गिरिजा. वाहक : स्वतः. अपघात : अकरा. शेरा : गाडी फुटपाथवरून नेली. चालकास समज दिली.'

गिरिजाबाई : समज कशाची? शिव्या दिल्त्या. या वसंतासमोर.

उषा : 'अपघात : नऊ. शेरा : गाडी कापडाच्या दुकानात शिरली.'

वसंता : ते मला आठवतंय. काका उठून उभे राह्यले होते.

उषा : 'अपघात : सात. शेरा : चालकाने वाहकाशी हुज्जत घातली. कारण नसताना.'

गिरिजाबाई : कारण नसताना? माझ्या पायावर आपला पाय देऊन ब्रेक मारला त्यांनी! चप्पल तुटली माझी. तिथं पायात ब्रेक असतो का?

उषा : 'अपघात : सात. शेरा : कालची हुज्जत घरीही चालू राहिली. जेवण उशिरा.'

गिरिजाबाई : हे बी लिवलं!

उषा : 'अपघात : तीन. शेरा : सुधारणा आहे. उसाचा रस पाजला.' आई, पानंच्या पानं आहेत.

गिरिजाबाई : शेवटचं कोणतं हाये?

उषा : अठ्ठावीस सप्टेंबर, दोन हजार सहा.

गिरिजाबाई : दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं.

उषा : 'चालक : सौ. गिरिजा. वाहक : स्वतः. अपघात : निरंक.'

गिरिजाबाई : म्हंजे?

वसंता : म्हंजे एक बी न्हाई.

गिरिजाबाई : हां. त्या दिवशी न्हाई झाला एक बी. शेरा काय दिला?

उषा : थांब जरा.

गिरिजाबाई : अक्षर लागंना का?

उषा : लागतंय. 'चालकास एकटे सोडण्यास हरकत नाही.'

वसंता : मी ड्रिल बघतो आत.

गिरिजाबाई : मला न्हाई म्हणले हे. येतानी रस्त्यानं म्हणले, वळण मोठं घेतलंस.

उषा : कागदावर लिहिलंय.

गिरिजाबाई : पुन्हा एकदा वाच. हळू वाच.

उषा : 'चालकास एकटे सोडण्यास हरकत नाही.' खाली सही केलीय. तारीख घातलीय.

गिरिजाबाई : सही बी केली का?

उषा : वही मी नेऊ?

गिरिजाबाई : ने. पण आली की वाचून दाखवायची. फोटोकडं बघत बसायचं न्हाई.

उषा : दाखवीन.

वसंता : सापडलं ड्रिल. ताई, तुम्ही म्हणत असाल तर नाव सोडून पाडतो. झाकणाला बिलकुल हात लावत न्हाई. समोरची बाजू, मागची बाजू, तळ. बस.

गिरिजाबाई : जुना पत्रा हाये. जल्दी करू नको, चिरंल.

वसंता : न्हाई चिरत. पण रिकामी पेटी हलती मावशी, पयलं भोक नेहमी सरकतं. कुणी तरी दोन्ही हातांनी घट्ट धरायला पायजे.

उषा : मी धरलीय. पाडा.